बाइंडिंगची खोली

११ ऑगस्ट

वहिनी,

पत्र बघून दचकू नकोस, आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलणं जमत नाही म्हणून लिहायला बसले. तुमचा फोन आईच्या उशाशी. तिला कमी ऐकू येतं असं डॉक्टर म्हणतात, पण विषय तिचा असला की भिंतीपलीकडचंही तिला स्वच्छ ऐकू येतं, हे तुला मी सांगायला नको.

काल बाळचा फोन आला होता, त्याच्या ऑफिसातून. (चव्वेचाळीस वर्षांचा झाला, निम्मे केस गेले, तरी माझ्या तोंडी बाळच.) म्हणाला, आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली. मुका मार आहे, मोडलं काही नाही. पण वीस मिनिटं ती तशीच ओल्या फरशीवर पडून होती. हाका मारत होती. तू तुझ्या बाइंडिंगच्या खोलीत, मशीनच्या धडधडीत तुला काही ऐकू आलं नाही. तो तक्रार करत नव्हता हं. उलट म्हणत होता, 'तिच्यावर फार ओझं पडतं गं, ताई.'

आता रागावू नकोस, वयाने मोठी आहे म्हणून बोलते. तुझं ते पुठ्ठ्यांचं काम काही महिने बंद ठेव. कायमचं नाही म्हणत मी, आईला बरं वाटेपर्यंत. घरातल्या घरात चाललेली गोष्ट, आज थांबवली तर उद्या सुरू करता येते. मीसुद्धा एकेकाळी टायपिंगचे क्लास घेत होते. सहा मशीनं होती, तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा आमच्या घरात यायची होतीस. वेळ आली तेव्हा सोडले. मला कुणाला सांगावं लागलं नाही, आणि कधी वाईटही वाटलं नाही.

चिमणीला पापा. तिचे दात सरळ झाले का?

ताई


२० ऑगस्ट

ताई, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. कॉलेजच्या प्रबंधांचे दिवस आहेत. मुलं तीन वर्षं लिहितात आणि बाइंडिंगला शेवटच्या तीन दिवसांत आणतात. प्रत्येकाला आपलाच प्रबंध पहिला हवा असतो, आणि सोनेरी अक्षरांत नाव जरा मोठं हवं असतं.

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून मीही लिहिते. त्या सकाळी मी खोलीत नव्हते. मशीन बंद होतं. बारा प्रबंध पोचवायला मी कॉलेजात गेले होते. शिलाईवाली मावशी अकराला येते, तीही आलेली नव्हती. घरात हे होते. सुट्टी काढली होती, पुढच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. मी परत आले तर दारातच मला आईंची हाक ऐकू आली. आईंना उचलून, कोरडं करून, पलंगावर नेल्यावर मी यांना विचारलं, "तुम्हाला ऐकू नाही आली?"

म्हणाले, "आली ना. पण ती तुला हाक मारत होती."

खोटं नाही बोलले. आई खरंच मला हाक मारत होत्या. टॉवेल, चष्मा, गरम पाणी, काहीही हवं असलं की त्यांच्या तोंडी माझंच नाव येतं. यांना वाटलं, साबण संपला असेल, येईल ती आणि देईल. तुम्हाला त्यांनी वेगळं का सांगितलं, ते मी विचारलेलं नाही. कदाचित आता त्यांना खरंच तसं आठवत असेल.

काम बंद ठेवण्याबद्दल. ताई, हे काम घरात चालतं, पण घरच्या कामासारखं नाही चालत. भांडी राहिली तर भांडी वाट बघतात. कॉलेजवाले नाही बघत. या हंगामात मी नाही म्हटलं तर पुढच्या हंगामात माझं नावही कुणी काढणार नाही. दोन बायका माझ्याकडे कामाला आहेत. मावशी सात वर्षं जुज शिवते आहे. (छापलेल्या पानांची घडी म्हणजे जुज. असे जुज एकमेकांना शिवले की पुस्तक होतं.) तिला मी काय सांगू, सासूबाई बऱ्या होईपर्यंत जेवू नका?

आणि आई दुपारी माझ्याच खोलीत असतात. खिडकीपाशी त्यांची खुर्ची आहे. हाडाची पट्टी फिरवून कागदाच्या घड्या दाबतात. परवा मावशीला म्हणाल्या, "माझी घडी बघ आणि तुझी बघ. तुझी बसलीय की झोपलीय?" मावशी दिवसभर हसत होती. आईंना मी टाकून दिलेलं नाही, एवढं तुमच्या मनात राहावं म्हणून लिहिलं.

हाकेचं मी तुम्हाला सांगितलं, हे यांना कळू देऊ नका. उगाच घरात तोंडं फिरतील.

चिमणीचे दात अजून तारेत आहेत.

वहिनी


२ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून दोन दिवस माझं डोकं दुखत होतं. बाळ तसा नाही. लहानपणी मांजराचं पिल्लू ओलं झालं तर स्वतःचा सदरा काढून पुसायचा. पुरुषांचे कानच तसे असतात, त्यात वाईट काही नसतं. माझ्याकडे तीन आहेत. दूध उतू जाताना तिघंही स्वयंपाकघरात असतात आणि एकालाही दिसत नाही. मी ते हसण्यावारी नेते. तू मनात धरून ठेवतेस.

बाकी तू म्हणतेस ते ठीक आहे, पण एक विचारू? तुझ्या अंगावर मांस राहिलेलं नाही. लग्नातल्या फोटोत आणि चिमणीच्या वाढदिवसाच्या फोटोत दोन वेगळ्या बायका दिसतात. पहाटे उठतेस, स्वयंपाक, डबे, आईचं अंघोळपाणी, मग तुझी ती खोली, मग परत स्वयंपाक. हे कुणासाठी? बाळची नोकरी पक्की आहे. तुमचं काही अडत नाही. माणूस दोन दगडांवर किती दिवस उभं राहणार?

हाकेचं मी त्याच्याकडे काढलेलं नाही, शब्द दिला म्हणजे दिला. पण त्याला सविस्तर पत्र लिहिलंय. तुझं ओझं हलकं कसं होईल याचा आता त्यानेच विचार केला पाहिजे, असं चांगलं खडसावून. बघशील तू.

मला यायचं फार मनात आहे, पण इथून पाय निघत नाही. तुझ्या भाऊजींना चहासुद्धा हातात लागतो.

ताई


१९ सप्टेंबर

ताई,

हा कागद पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तराचा आहे, पिशवीत एवढाच होता.

मंगळवारी आई पुन्हा पडल्या. पलंगावरून उतरताना. खुब्याचं हाड मोडलं. काल ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं असं म्हणतात. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूसच लागतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मीच इथे आहे. दोन पलंगांच्या मधे एक स्टूल आहे, त्यावर बसते. हे सकाळ-संध्याकाळ येतात, दारातून बघतात, डबा देऊन जातात. डबा शेजारच्या बाईंनी केलेला असतो.

चिमणी शाळेतून आली की त्याच शेजारणीकडे बसते. खोलीत एकतीस प्रबंध आहेत. शिवून झालेत, कडा कापून पुठ्ठे चढवायचे राहिलेत. मशीनवर कापणं मावशीला जमत नाही, ते माझ्याच हातचं काम. महिनाअखेरीची मुदत आहे.

मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. आता मागते. आठ दिवस या. दिवसा तुम्ही आईंजवळ बसलात तर मी प्रबंध संपवून येईन. फक्त आठ दिवस.

वहिनी


२७ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र वाचून रडू आलं. आईला म्हणावं, लेक रोज आठवण काढते. लोकरीचे मोजे पाठवतेय, निळे तिचे, करडे तुझे.

येण्याचं सगळ्या बाजूंनी बघितलं. भाऊजींच्या रक्ताच्या तपासण्या याच आठवड्यात आहेत. धाकट्याची मुलाखत आहे, त्याचे कपडे, त्याचं वेळेवर खाणं. घर उघडं टाकून निघाले तर परत आल्यावर मला घर सापडायचं नाही. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "जा की, आम्ही बाहेर खाऊ." असं म्हणाले की त्याचा अर्थ काय असतो, ते तुला कळेल.

पण तू आता अजिबात काळजी करू नकोस. काल बाळशी बोलणं झालं. तो सगळी व्यवस्था करतोय. मला सांगितलंय, पण तुला सांगायचं नाही असं ठरलंय. घरी येशील तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरलेलं असेल, एवढंच सांगते. किती वर्षांनी त्याच्या आवाजात असा उत्साह ऐकला!

ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

आईंना घेऊन घरी आले त्याला तीन आठवडे झाले. इतके दिवस लिहिलं नाही. आज बसले आहे.

रुग्णवाहिका दाराशी थांबली तेव्हा हे पायरीवर उभे होते. नवा सदरा घातला होता. आईंना खुर्चीत बसवून आत नेलं आणि मला बाइंडिंगच्या खोलीच्या दारात उभं करून म्हणाले, "डोळे मीट." मी मिटले. सोळा वर्षांत त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, माझ्यामागे त्यांनी कुणाला तरी गाठून प्रबंध पुरे करून घेतले. खरंच तसं वाटलं मला, ताई. मी हसतसुद्धा होते.

"उघड."

भिंतींना फिकट हिरवा रंग. खिडकीला पडदा. मधोमध दवाखान्यात असतो तसा कठड्याचा पलंग. टेबल नव्हतं, फळ्या नव्हत्या, पुठ्ठ्यांची चळत नव्हती. मशीन जिथे होतं तिथे फरशीवर गंजाचे चार डाग होते, ते घासूनही गेले नव्हते.

"आईला इथे हवा चांगली लागेल," हे म्हणाले. "आणि तुला आता ते सगळं बघायला नको. आवडलं ना?"

"मशीन कुठंय?"

"विकलं. खोकी बनवणारा एक जण घेऊन गेला. लगेच गिऱ्हाईक मिळालं, नशीब बघ."

"आणि प्रबंध?"

"मुलांना फोन करून परत न्यायला सांगितले. सगळं नीट निस्तरलंय मी. त्या दोघी बायकांनाही पगार देऊन समजावून सांगितलं."

"मला विचारलं का नाहीत?"

ते खरंच गोंधळले. म्हणाले, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." मग, "आणि कागद माझ्याच नावावर होते ना, मग सही करताना काही अडचणही आली नाही."

त्यात त्यांची चूक नाही. नऊ वर्षांपूर्वी परवान्याचा अर्ज भरताना खिडकीतल्या कारकुनाने विचारलं होतं, "मालक कोण?" तेव्हा मी मान वळवून यांच्याकडे बघितलं होतं. ते माझं मीच केलं.

चिमणी माझ्यामागे उभी होती. तिला माहीत होतं. बाबांनी सांगू नको म्हटलं म्हणून अकरा वर्षांची पोर आठवडाभर दवाखान्यात येऊन माझ्या डोळ्यांना डोळा न देता बसत होती, आणि मी समजत होते की तिला औषधांचा वास सहन होत नाही.

दोन दिवस मी यांच्याशी बोलले नाही, तेव्हा त्यांनी तुमचं पत्र आणून माझ्यापुढे ठेवलं. 'बघ, ताईचंही हेच म्हणणं आहे,' असं म्हणून. मी वाचलं. तुम्ही लिहिलंय: 'तिला विचारत बसू नकोस, ती नाहीच म्हणणार. तिच्या हातून सुटत नाहीये, तूच काढून घे. एकदा झालं की आपोआप हलकी होईल.'

मी हलकी झालेय, ताई. इतकी, की भाजी चिरायला बसते आणि अर्ध्या तासाने बघते तर सुरी नुसती हातात असते.

त्या एकतीस मुलांपैकी एक मुलगी परवा रस्त्यात भेटली. तिचा प्रबंध दुसऱ्याकडे घाईत चिकटवून घेतला होता, तपासणाऱ्यांच्या समोरच पानं सुटली म्हणाली. मला दोष दिला नाही. "तुमच्या घरी अडचण होती ना," म्हणाली. मावशी आता दोन घरी धुणंभांडी करते. आईंना रोज दुपारी कागद हवे असतात. मी त्यांना जुनी वर्तमानपत्रं देते. त्या एक घडी घालतात आणि कागद बाजूला सारतात. म्हणतात, "हे कुणाचं पुस्तक? हे काही कामाचं नाही."

यापुढे मला पत्र पाठवू नका. आईंची खबर फोनवर कळवत जाईन.


९ नोव्हेंबर

वहिनी,

पाठवू नको म्हणालीस तरी पाठवतेय. माझा हेतू वाईट नव्हता, हे तुला माहीत आहे. त्याने मशीन विकावं असं मी कुठे लिहिलं होतं? काढून घे म्हणजे काम काढून घे, असा अर्थ. आणि तोसुद्धा तुझ्या तब्येतीसाठी.

बाळचाही विचार कर. त्याने स्वतःच्या हाताने भिंती रंगवल्या. माझ्यासाठी कुणी आजवर भिंत रंगवलेली नाही.

उत्तर दे.

ताई


१ डिसेंबर

वहिनी,

तू उत्तर दिलं नाहीस, बरं केलंस. मागचं पत्र फाडून टाक. आज जे लिहितेय तेवढं वाच.

रविवारी आमच्याकडे भाऊजींचे जुने मित्र जेवायला होते. त्यांची सून दागिने घडवते, स्वतःचं दुकान आहे, त्यावर बोलणं चाललं होतं. मी वाढत होते. मित्राने मला विचारलं, "तुम्ही कधी काही केलं नाही का?" मी तोंड उघडायच्या आत भाऊजी म्हणाले, "छे, हिला कशाचीच आवड नव्हती. घर एके घर." आणि हसले. प्रेमाने हसले, टोमणा नव्हता. ते विसरलेत, वहिनी. मागच्या खोलीत सहा टाइपरायटर पाच वर्षं वाजत होते, आणि हे त्याच घरात राहत होते.

हातातलं भांडं मी टेबलावर ठेवलं आणि मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

तुला मी सांगितलं होतं की क्लास मी स्वतःहून सोडले. बंद मीच केले, हे खरं. पण कसे, ते कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्याकडे अकरा मुली शिकायला यायच्या. क्लास रंगात आला की पुढच्या खोलीतून हाक यायची, "अगं, चहा!" मी उठायची. परत बसायची. मग, "अगं, माझा निळा सदरा?" मुली आधी हसायच्या, मग घड्याळ बघायच्या. मी चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवायला लागले. सदरे पलंगावर मांडून ठेवायचे. तरी हाक यायचीच. एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी, मी वेळ लावून मुलींकडून सराव करून घेत होते, आणि हाक आली. मी उठले नाही. मग हे स्वतः दारात आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ऐकू येत नाही का?" पुढच्या महिन्यात तीन मुली राहिल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात मी मशीनं विकली आणि सगळ्यांना सांगितलं, मुलं लहान आहेत, मलाच नको वाटतं. बावीस वर्षं तेच सांगतेय. इतकं सांगितलं की मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

तुझं चालू राहिलं होतं, वहिनी. सासू, नवरा, पोर, सगळं सांभाळून नऊ वर्षं चालू राहिलं होतं. ते मला बघवत नव्हतं. तुझं चालू शकतं म्हणजे माझंही चालू शकलं असतं, हे मला मान्य करावं लागलं असतं. म्हणून बाळला तसं लिहिलं. तुझ्या तब्येतीचं मी मधे घातलं होतं.

हे लिहिल्याने तुझं मशीन परत येत नाही, हे मला कळतं. तू सप्टेंबरात आठ दिवस मागितले होतेस. मी दहा तारखेला निघतेय. आठ दिवसांसाठी नाही, आई हिंडती-फिरती होईपर्यंत किंवा तुझा पाय पुन्हा घराबाहेर पडेपर्यंत. घरी सांगितलंय. विचारलेलं नाही, सांगितलंय. तिघंही माझ्याकडे असे बघत होते की जणू मी चिनी बोलतेय.

स्टेशनवर कुणी यायला नको. घर माहीत आहे मला.

ताई


३ मार्च

वहिनी,

सुखरूप पोचले. अडीच महिन्यांत माझ्या घरात काय काय झालं ते एका पत्रात मावणार नाही. एकच पातेलं शिल्लक आहे ज्याचं बूड काळं नाही. भाऊजी चहा करायला शिकलेत. दिवसातून तीनदा करतात आणि तीनदा सांगतात. मी स्वयंपाकघरात शिरले तर थोरला म्हणाला, "आई, मिठाचा डबा आता इकडे असतो." माझ्याच घरात मला मिठाची जागा सांगतो! आधी राग आला. मग तो डबा तिथेच ठेवला.

तिकडचं सारखं डोळ्यांपुढे येतं. पहिल्या दिवशी आईने पलंगावरून तुला हाक मारली, आणि सवयीने तूही उठलीस, मीही उठले. बाळ बसून होता. मग मी त्याच्या हातातला पेपर काढून घेतला आणि म्हटलं, "ऊठ." "ती तिला हाक मारतेय." "मला ऐकू येतंय कुणाला मारतेय ते. तू ऊठ." त्याचा चेहरा आठवतो ना? पहिल्यांदा लघवीचं भांडं घेऊन आईजवळ गेला तेव्हा आईच लाजली, भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "हे काय दिवस आले." आठवडाभर दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. आणि मी निघाले त्या सकाळी त्याने मला विचारलं, "ताई, आईच्या पाठीला लावायचं तेल संपत आलंय, तू कुठून आणलंस?" एवढंच. मी त्यातच समाधान मानून आले.

पण तुला एक विचारायचं राहिलं. अडीच महिने तू माझ्याशी नीट वागलीस. कामासाठी नवी खोली शोधायला मला सोबत नेलंस. पण हसताना थांबायचीस, हे मला दिसत होतं. तू मला माफ केलंस का? खरं ते लिही. नाही असेल तर नाही लिही.

ताई


२२ मार्च

ताई, नमस्कार.

तेल आणलं. हेच आणतात आता, दुकान सापडलं त्यांना.

आई फारशा उठत नाहीत, हिवाळ्यात कमावलं होतं ते गेल्या पंधरवड्यात गेलं. डॉक्टर बोलत नाहीत पण चेहरा बोलतो. दुपारी शुद्ध चांगली असते. मी रोज खरे जुज घरी आणते, दहा-बारा. दोन-तीनच होतात. घडी अजून सरळ असते.

खोली चांगली आहे. खाली सायकलचं दुकान, त्यामुळे दिवसभर खालून टायरचा वास आणि हवा भरण्याचा आवाज येतो. जिना अरुंद आहे, पुठ्ठे वर चढवताना मावशी दर पायरीवर मला एक शिवी देते. ती परत आली, अर्धा दिवस. दुसरी नाही आली, तिला एका शाळेत पक्कं काम लागलं. परवाना माझ्या नावावर झाला. अर्जात नवऱ्याच्या नावाची एक चौकट होती, ती भरली. मालकाची चौकट वेगळी होती.

कॉलेजने यंदाचं काम दुसऱ्याला दिलं. मी गेले होते. तिथले साहेब सभ्यपणे म्हणाले, "तुमच्याकडे घरगुती अडचणी येतात ना, आम्हाला जोखीम नको." ते खोटं बोलत नव्हते. सध्या वकिलांच्या फायली आणि एका वाचनालयाची फाटकी पुस्तकं आहेत. पूर्वीच्या निम्मंही नाही.

मशीनचं तुम्हाला सांगितलं नव्हतं. खोकीवाल्याकडे मी गेले होते. परत द्यायला तयार नाही, त्याचं काम त्याच्यावर छान चालतं. शेवटी ठरलं की दर मंगळवारी सकाळी माझे गठ्ठे घेऊन जायचे आणि कापून आणायचे, कापणावळ देऊन. पहिल्या मंगळवारी त्याचा माणूस पातं चुकीचं लावत होता. मी म्हटलं, बाजूला व्हा. ते मशीन उजवीकडे जरा दाबून धरावं लागतं, नाहीतर शेवटची पानं तिरकी जातात. तो बघत राहिला. मी कापून घेतलं, पैसे दिले, पावती घेतली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आता दर मंगळवारी जाते. आता टेकावं लागत नाही.

तुम्ही विचारलंत ते. तुम्हाला केलं. कधी, ते नेमकं सांगता येणार नाही. खोली बघायला गेलो होतो तेव्हा घरमालक मला सोडून तुमच्याकडे बघून विचारत होता, "यांचे मिस्टर काय करतात?" आणि तुम्ही म्हणालात, "ते काय करतात ते त्यांच्या घरमालकाला सांगतील." बहुतेक तेव्हाच.

यांना नाही. अजून नाही. त्यांचं सगळं बघते, तेही आता माझं बघतात, पोळलं तर मलम आणून देतात. पण त्या दिवशी मी डोळे मिटून हसत होते, ते माझ्याच्याने विसरवत नाही. हे त्यांना मी एकदाच सांगितलं, फेब्रुवारीत. ते म्हणाले, "मला वाटलं होतं तुला आवडेल." मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच."

परवा शनिवारी आईंजवळ चिमणीला बसवून हे पहिल्यांदाच नव्या खोलीवर आले. मी पाठमोरी होते, खळ लावत होते. जिन्यावर पावलं वाजली ती यांची, हे मला कळलं. घरच्या खोलीत कुणीही केव्हाही यायचं. पेन शोधायला, इस्त्री ठेवायला, चहा मागायला. सोळा वर्षांत मी ज्या खोलीत असेन तिच्या दारात कुणी कधी थांबलेलं मला आठवत नाही. पावलं वरच्या पायरीवर थांबली. मी वळले नाही. मावशीचा दोरा हवेत तसाच राहिला. सायकलवाला खाली हवा भरत होता. मग हे दाराबाहेरूनच म्हणाले, "आत येऊ का?"

खळ वाळते, ताई, हातातलं अर्धं सोडता येत नाही. मी तो पुठ्ठा पुरा चिकटवला, कडा दाबल्या, वर वजन ठेवलं, फडक्याला हात पुसले. ते उभे होते. मग मी म्हटलं, "या."

वहिनी